सागरी शंखशिंपल्यांचे वय : कार्बन-१४ कालमापन आणि समुद्राच्या जुनेपणाची दुरुस्ती

कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला असून त्याच्या हद्दीत समुद्र कोठेही नाही. तरीही आंबा घाटाने रत्नागिरीशी आणि अणुस्कुरा घाटाने राजापूरशी जोडलेला हा प्रदेश किनाऱ्यावरून देशावर येणाऱ्या मालाच्या वाटेवरच आहे. या वाटांनी मीठ व सुकी मासळी जशी वर चढली, तशाच शंखाच्या बांगड्या, कवड्या आणि शिंपल्यांच्या वस्तूही देशावरील वसाहतींत पोहोचू शकत होत्या. नेवासे, भोकरदन आणि तेर येथील उत्खननांत मिळालेल्या शंखाच्या बांगड्यांनी सागरी वस्तूंचा देशावरील हा प्रवास सिद्ध केला आहे. अशा वस्तूचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढावयाचे ठरल्यास समुद्रापासून दूर सापडलेल्या तुकड्यालाही समुद्राचाच नियम लागू होतो, आणि तो नियम लावला नाही तर निष्कर्ष पाचशे वर्षांहून अधिक चुकू शकतो. हा नियम कोणता, तो कशावर आधारलेला आहे आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यासाठी त्याचा पाया कितपत भक्कम आहे, याचा आढावा येथे घेतला आहे.

पद्धतीचे मूळ आणि तिचे गृहीतक

अंतरिक्षातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या थरांत न्यूट्रॉन निर्माण होतात आणि त्यांच्या आघाताने नायट्रोजनच्या अणूपासून कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन तयार होतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत मिसळतो, प्रकाशसंश्लेषणातून वनस्पतींत आणि वनस्पतींतून प्राण्यांत जातो. सजीव मेल्यावर हा पुरवठा थांबतो आणि आतील कार्बन-१४ ठरलेल्या वेगाने घटत जातो. विलार्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये या घटीवरून वय काढता येते हे दाखवून दिले, आणि त्याबद्दल लिबी यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लिबी यांनी धरलेला अर्धायुष्याचा काळ ५५६८ वर्षांचा होता व नंतरच्या अधिक अचूक मापनाने तो ५७३० वर्षांचा ठरला, तरी जुन्या-नव्या नोंदींची तुलना करता यावी म्हणून प्रयोगशाळा आजही पहिल्याच आकड्याने वय कळवतात आणि ते ‘वर्तमानपूर्व’ वर्षांत, म्हणजे इ. स. १९५० पासून मागे मोजून, देतात. अशा रीतीने कळवलेले वय हे पंचांगातील वर्ष नसते. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण काळानुसार बदलत आल्यामुळे झाडांच्या वार्षिक वलयांसारख्या ज्ञात वयाच्या नमुन्यांवरून तयार केलेल्या वक्राशी ते ताडून पाहावे लागते, आणि या क्रियेला अंशांकन म्हणतात.

या साऱ्या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते असे की मृत्यूच्या क्षणी सजीवातील कार्बन-१४ चे प्रमाण त्या वेळच्या हवेतील प्रमाणाइतकेच होते. भाताचा दाणा, बाभळीचा कोळसा किंवा गवत खाणाऱ्या गुराचे हाड यांच्या बाबतीत हे गृहीतक टिकते. समुद्रात वाढलेल्या शिंपल्याच्या बाबतीत ते मुळातच टिकत नाही.

समुद्र जुना का दिसतो

शिंपल्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि त्यातील कार्बन मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून येतो. समुद्राच्या वरच्या थराची हवेशी कार्बनची देवाणघेवाण सतत चालू असते, परंतु कार्बन-१४ च्या दृष्टीने ती समतोलाला पोहोचण्यास साधारण दहा वर्षांचा अवधी लागतो. आणि तो समतोल साधण्यापूर्वीच खालून असे पाणी मिसळत राहते की जे शेकडो वर्षे पृष्ठभागापासून, म्हणजेच हवेपासून, तुटलेले होते. त्या खोल पाण्यातील कार्बन-१४ दरम्यानच्या काळात घटलेला असतो. परिणामी, आज जिवंत असलेला समुद्री प्राणीसुद्धा कार्बन-१४ च्या मोजणीत काही शतकांपूर्वी मेल्यासारखा दिसतो. हवेपासून काही काळ अलग राहणाऱ्या कार्बनच्या अशा संचयाला साठा म्हणतात, म्हणून या आभासी जुनेपणाला सागरी साठा परिणाम असे नाव आहे, आणि एकाच वेळी जगलेल्या भूचर व सागरी सजीवांच्या कार्बन-१४ वयांतील फरक म्हणजे साठ्याचे वय होय.

साठ्याचे वय सर्वत्र सारखे नाही. उष्ण कटिबंधातील शांत, थरबद्ध समुद्रांत ते जागतिक सरासरीच्या आसपास असते, तर अंटार्क्टिकाभोवती, जेथे फार जुने खोल पाणी वर येते, तेथे ते हजार वर्षांहूनही अधिक भरते. म्हणूनच दुरुस्तीची रीत दोन पायऱ्यांची झाली आहे. मिंझ स्टुइव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये व नंतर १९९३ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार संपूर्ण जगाच्या सागरपृष्ठासाठी एक सरासरी वक्र काढला जातो, आणि एखाद्या ठिकाणचे पाणी त्या सरासरीपेक्षा किती जुने किंवा नवे आहे ते ‘डेल्टा आर’ या स्थानिक फरकाने दर्शविले जाते. फरक धन असेल तर स्थानिक पाणी सरासरीपेक्षा जुने, ऋण असेल तर नवे. सागरी वक्र काळानुसार होणारे जागतिक बदल सांभाळतो. ठिकाणाची खोड सांभाळण्याचे काम डेल्टा आरकडे असते.

एक छुपा सापळा : समस्थानिकांचे विभाजन

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी आणखी एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण जुन्या भारतीय नोंदी वाचताना ती हमखास आडवी येते. सजीव कार्बन ग्रहण करताना त्याच्या हलक्या व जड समस्थानिकांत थोडा भेदभाव करतात आणि त्यामुळे निरनिराळ्या पदार्थांत कार्बन-१३ चे प्रमाण निरनिराळे असते. कोळशासाठी ते ठरावीक मानकाच्या तुलनेत हजारी सुमारे उणे २५, तर सागरी शिंपल्यासाठी शून्याच्या जवळ असते. सर्व नमुने एका मापाने मोजले जावेत म्हणून वय उणे २५ या प्रमाणावर आणून कळवण्याचा संकेत आहे. हजारी एका एककामागे सुमारे १६ वर्षे या हिशेबाने शिंपल्याच्या वयात त्यामुळे जवळजवळ ४०० वर्षांची भर पडते. साठा परिणामासाठी वजा करावयाची जागतिक सरासरीही दीर्घकाळ ४०० वर्षेच धरली जात असल्याने या दोन दुरुस्त्या योगायोगाने एकमेकींना खोडतात. जगभरच्या अनेक आरंभीच्या प्रयोगशाळांनी यांपैकी एकही दुरुस्ती न करता शिंपल्यांची वये प्रसिद्ध केली. अशा वयातून आजच्या अभ्यासकाने साठ्याची वजाबाकी केली आणि विभाजनाची भर घालण्याचे राहून गेले, तर मुळात बरे असलेले वय चारशे वर्षांनी बिघडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात काम करू लागलेली आणि पुढे अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेत गेलेली कार्बन-१४ प्रयोगशाळा ही भारतीय पुरातत्त्वाच्या कालगणनेचा मोठा आधार ठरली. त्या पिढीतील कोणत्याही शिंपल्याच्या वयाचा उपयोग करण्यापूर्वी हे वय विभाजनासाठी दुरुस्त केलेले आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

भारतीय समुद्रांची मोजणी

एखाद्या किनाऱ्याचा डेल्टा आर काढण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे जिवंत असताना गोळा केलेला आणि गोळा केल्याचे वर्ष नोंदलेला जुना संग्रहालयीन शिंपला मोजणे. मात्र तो साधारण १९५५ पूर्वीचा असावा लागतो, कारण त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी हवेतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला आणि ती भर समुद्रातही उतरली. त्यामुळे आज किनाऱ्यावरून ताज्या तिसऱ्या उचलून हा प्रश्न सुटत नाही.

कौशिक दत्ता, रवी भूषण आणि बी. एल. के. सोमयाजुलू यांनी २००१ मध्ये उत्तर हिंदी महासागराविषयी प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने पायाभूत मानला जातो. त्यात १९३० ते १९५४ या काळात गोळा झालेले सात शिंपले मोजण्यात आले. अरबी समुद्रातील शिंपल्यांची कार्बन-१४ वये ४३४ ते ६९३ वर्षे आणि बंगालच्या उपसागरातील वये ४०८ ते ५११ वर्षे अशी आली, आणि त्यांवरून उत्तर अरबी समुद्रासाठी १६३ अधिक-उणे ३०, अंदमानाकडील पूर्व उपसागरासाठी ११ अधिक-उणे ३५ आणि दक्षिण उपसागरासाठी ३२ अधिक-उणे २० वर्षे असे सरासरी डेल्टा आर निघाले. पुढच्याच वर्षी जॉन साउथन आणि सहकाऱ्यांनी हिंदी महासागर व आग्नेय आशियासाठी अधिक विस्तृत नमुन्यांची मोजणी प्रसिद्ध केली आणि या क्षेत्राचे चित्र भरत गेले.

दोन्ही समुद्र एकाच अक्षांशपट्ट्यात असताना त्यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचा फरक का पडावा, याचे उत्तर मोसमी वाऱ्यांत आणि पाण्याच्या थरांत आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगतचे पृष्ठजल दूर लोटतो आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध व कार्बन-१४ च्या दृष्टीने जुने पाणी वर येते. भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरही पावसाळ्यात ही क्रिया घडते. याउलट, गंगा, ब्रह्मपुत्रा व इरावती यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर बंगालच्या उपसागरावर झाकणासारखा पसरलेला असल्याने तेथे खालचे पाणी सहज वर येत नाही. दत्ता आणि सहकाऱ्यांनी हा फरक उथळ थराखालच्या पाण्याचे हवेशी होणारे नूतनीकरण दोन खोऱ्यांत निरनिराळ्या गतीने होते, याच्याशी जोडला.

वक्र बदलला की फरकही बदलतो

डेल्टा आर हा स्वयंपूर्ण आकडा नव्हे. तो ज्या सागरी वक्राच्या तुलनेत काढला त्याच वक्राबरोबर वापरावा लागतो. २०२० मध्ये टिमोथी हीटन आणि सहकाऱ्यांनी ‘मरीन२०’ हा नवा वक्र प्रसिद्ध केला, ज्यात वातावरणातील बदल समुद्राच्या संगणकीय प्रतिमानातून चालवून सागरपृष्ठाचे वय काढले आहे. पूर्वीच्या वक्रांतील सुमारे ४०० वर्षांऐवजी या वक्रात गेल्या काही हजार वर्षांतील साठ्याचे सरासरी वय सुमारे साडेपाचशे वर्षे आहे. सरासरीच वाढल्यामुळे तिच्या तुलनेतील स्थानिक फरक तितकाच घटतो, आणि २००१ चे १६३ वर्षांचे मूल्य नव्या वक्रावर जवळजवळ दीडशे वर्षांनी खाली येते. समुद्र बदललेला नाही. मापपट्टीचा शून्य सरकला आहे. जुना डेल्टा आर नव्या वक्राला जोडल्यास तीच दुरुस्ती अंशतः दोनदा होते आणि शिंपला दीडशे वर्षांनी अकारण तरुण ठरतो. ही चूक टाळण्याचा उपाय सोपा आहे: मूळ शिंपल्याचे वय व गोळा केल्याचे वर्ष घेऊन नव्या वक्रावर डेल्टा आर पुन्हा काढणे. आंतरराष्ट्रीय सागरी साठा माहितीकोशात ही फेरगणना केलेली असते.

कोल्हापूरचा दाखला : हिशेबाचे मोल

या आकड्यांचे ऐतिहासिक मोल कोल्हापूरच्या संदर्भात स्पष्ट दिसते. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकाडाचे उत्खनन डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केले, म्हणजे कार्बन-१४ पद्धत जन्माला येण्यापूर्वी. तेथील सातवाहनकालीन थरांचा काळ नाण्यांवरून आणि इतर वस्तूंच्या तुलनेवरून ठरवावा लागला. समुद्रदेवता पोसायडनची ब्राँझची मूर्ती याच परिसरात मिळाल्यामुळे या नगराचा सागरी व्यापाराशी असलेला संबंध सुपरिचित आहे.

अशा थरातील शंखाच्या बांगडीचे विभाजन-दुरुस्त वय २४०० अधिक-उणे ३० वर्तमानपूर्व आले अशी कल्पना केली, तर पुढील तीन वाचने संभवतात. कोळशासाठीच्या वक्रावर तो आकडा तसाच ताडल्यास बांगडी इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या आसपासची, म्हणजे मौर्यांच्याही आधीची ठरते. तीच बांगडी कच्छच्या आखातातील शंखाची असेल, तर जुन्या रीतीने ४०० आणि १६३ मिळून सुमारे ५६० वर्षे वजा होतात व उरलेले १८४० इ. स.च्या दुसऱ्या शतकाच्या मागेपुढे नेते. शंख दक्षिण उपसागराच्या पाण्यातील असेल, तर वजाबाकी सुमारे ४३० वर्षांची होते आणि काळ इ. स.च्या पहिल्या शतकाच्या आसपास सरकतो. अनिश्चितताही सोबत वाढते: मोजणीची ३० आणि डेल्टा आरची ३० वर्षे यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ४२ येते. प्रत्यक्षात ही वजाबाकी हाताने न करता सागरी वक्रावर संगणकाने अंशांकन करतात, परंतु परिणामाचा आवाका हाच राहतो. मौर्यपूर्व काळ आणि सातवाहनकाळ यांतील निवड येथे केवळ दुरुस्तीवर अवलंबून आहे.

या हिशेबातून निघणारा मुद्दा देशावरील स्थळांसाठी कळीचा आहे: दुरुस्ती शंख कोठे सापडला यावरून नव्हे, तर तो कोठे जगला यावरून ठरते. बांगड्यांसाठी वापरला जाणारा जाड भिंतीचा पूजेचा शंख परंपरेने एकीकडे कच्छचे आखात व सौराष्ट्र आणि दुसरीकडे मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी येथून मिळवला जात असे. जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ मध्ये या शंखाच्या व्यवसायाचा सविस्तर वृत्तान्त लिहिला आहे. त्यामुळे आंबा किंवा अणुस्कुरा घाटाने वर आलेली बांगडी कोकणच्या बंदरात उतरली म्हणून तिचा शंख कोकणच्या पाण्यात वाढला, असे धरता येत नाही. उगम ठरत नसेल, तर दोन्ही शक्यतांना सामावणारी रुंद अनिश्चितता लावणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

प्राणी, खाडी आणि खडक

एकाच किनाऱ्यावरचे सर्व शिंपले सारख्याच पाण्याची नोंद ठेवत नाहीत. कालवे, तिसऱ्या व खुबे हे पाणी गाळून खाणारे द्विपुट प्राणी मुख्यतः भोवतालच्या पाण्यातील कार्बन कवचात बांधतात, तर खाजणातील चिखल खाऊन जगणारे शंखवर्गीय प्राणी गाळातील जुना किंवा कांदळवनातील भूचर कार्बनही घेतात. संयुक्त अरब अमिरातीतील कलबा येथील पुरातन थरांत शेजारी सापडलेल्या दोन जातींच्या कवचांनी वेगवेगळ्या दुरुस्त्या दिल्या, याचे स्पष्टीकरण प्राण्यांच्या अधिवासात व आहारात शोधावे लागते. म्हणून जात ओळखल्याशिवाय मोजलेला शिंपला अर्धवट मोजलेलाच म्हणावा लागेल.

खाडीच्या मुखाशी नदीचे पाणीही हिशेबात येते. चुनखडीच्या प्रदेशातून वाहणारी नदी कार्बन-१४ उरलेलाच नाही असा प्राचीन कार्बन विरघळवून आणते आणि शिंपल्याला आणखी जुने भासवते. याला कठीण पाण्याचा परिणाम म्हणतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चुनखडक असल्याने तेथे ही शक्यता गंभीर आहे. शाहूवाडीच्या पश्चिम कडेला असलेल्या सह्याद्रीच्या धारेवरून कोकणात उतरणाऱ्या काजळी व मुचकुंदीसारख्या नद्या मात्र बेसॉल्ट आणि जांभा यांच्या प्रदेशातून वाहतात, जेथे चुनखडकाचे थर नाहीत; त्यांच्या पावसाळी पाण्यातील कार्बन बराचसा मातीतील श्वसनातून आलेला, म्हणजे तुलनेने नवा असतो. त्यामुळे कोकणच्या खाड्यांतील शिंपल्यांचे साठ्याचे वय खुल्या समुद्रापेक्षा कमी असावे अशी अपेक्षा रास्त आहे, आणि कच्छचे मूल्य रत्नागिरीच्या खाडीला सरसकट लावणे योग्य ठरत नाही. देशावर वारणा व पंचगंगेच्या पात्रांतील गोड्या पाण्याच्या शिंपल्यांना सागरी दुरुस्ती लागूच होत नाही. तेथे गाळातील चुनखडीच्या खड्यांतून येणाऱ्या जुन्या कार्बनाचा वेगळा विचार करावा लागतो.

कवचाची प्रतही तपासावी लागते. अनेक कवचे अरॅगोनाइट या खनिजाची असतात. जमिनीत पुरल्यावर ते विरघळून कॅल्साइटच्या रूपाने पुन्हा जमते आणि त्या वेळचा परका कार्बन आत शिरतो. दहा हजार वर्षे जुन्या कवचात एक टक्का आधुनिक कार्बन मिसळला तरी वय सुमारे दोनशे वर्षांनी कमी दिसते. क्ष-किरण विवर्तनाने खनिज ओळखणे आणि बाहेरचा थर आम्लाने काढून टाकणे ही त्यावरील नेहमीची तपासणी होय. कोकणच्या पुळणींवरील सिमेंटासारख्या घट्ट झालेल्या खडकांत निरनिराळ्या काळची मोडकी कवचे आणि नंतर जमलेला चुना एकत्र असल्याने त्यांच्या सरसकट नमुन्यावरून समुद्रपातळीचा काळ ठरवताना ही काळजी दुप्पट घ्यावी लागते.

काळानुसार बदलणारा समुद्र

संग्रहालयीन शिंपले विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील समुद्र सांगतात. दोन किंवा सहा हजार वर्षांपूर्वीही तो तसाच होता असे मानणे हे पुन्हा एक गृहीतक आहे. खालचे पाणी वर आणणारा मोसमी वारा गेल्या दहा हजार वर्षांत सारख्याच जोराचा राहिलेला नाही, आणि अरबी समुद्राच्या तळगाळांवरील अभ्यासांनी साठ्याचे वयही त्यासोबत बदलत गेल्याचे दाखवले आहे. या प्रश्नाचे उत्तर पुरातत्त्वच देऊ शकते: एकाच अल्पकालीन थरातून, शक्यतो एकाच चुलीतून किंवा खड्ड्यातून, भूचर व सागरी नमुन्यांची जोडी घेऊन त्यांच्या वयांतील फरक त्या काळच्या साठ्याचे वय म्हणून नोंदवता येतो. जोडीतील भूचर नमुना मोठ्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा नसावा, कारण असे लाकूड जळतानाच शेकडो वर्षे जुने असू शकते. धान्याचा दाणा किंवा काटकी अधिक विश्वसनीय असते. प्रवेगक यंत्राने अणू मोजण्याची पद्धत आल्यापासून एका दाण्याचेही वय काढता येते, आणि ही सोय आता दिल्ली व अहमदाबाद येथेही उपलब्ध आहे.

शिंपल्यांपलीकडे : हाडे आणि चुना

समुद्राचा जुना कार्बन अन्नातून माणसाच्या हाडातही शिरतो आणि मासळीवर जगणाऱ्याचे हाड त्या प्रमाणात जुने भासते. आहारातील सागरी वाटा सामान्यतः कार्बन-१३ वरून अजमावतात; परंतु महाराष्ट्रात ही खूण फसवी आहे, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी आणि वरी ही धान्येही ऊतींतील कार्बन-१३ वाढवतात. नाचणीवर वाढलेल्या घाटमाथ्यावरील शेतकऱ्याचे हाड केवळ या एका मापावर मासळी खाणाऱ्यासारखे दिसेल आणि त्याला नको असलेली सागरी दुरुस्ती लावली जाईल. नायट्रोजन-१५ चे प्रमाण सोबत पाहिल्याशिवाय येथे निर्णय करता येत नाही.

चुन्याच्या बांधकामाची गोष्ट उलटी आहे. भट्टीत चुना भाजताना मूळ कार्बन निघून जातो आणि बांधकामातील चुना घट्ट होताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, म्हणून त्यातील कार्बन-१४ बांधकामाचा काळ सांगतो. मात्र चुना शिंपल्यांचा असून भाजणीत कच्चे राहिलेले कण त्यात उरले, तर त्यांतील समुद्राचा व त्याआधीचा कार्बन बांधकाम जुने दाखवतो. विशाळगडासारख्या घाटमाथ्यावरील किल्ल्यांच्या बांधकामातील चुन्याचे वय काढावयाचे झाल्यास तो शिंपल्यांचा की चुनखडीच्या खड्यांचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली आधी पाहावे लागेल.

निष्कर्ष

दुरुस्तीचे तत्त्व सत्तर वर्षांच्या मोजणीने पक्के झाले आहे. अनिश्चितता उरते ती स्थानिक मूल्यांत. उत्तर हिंदी महासागराच्या पायाभूत अभ्यासाला सात शिंपल्यांचा आधार होता, आणि कोकणच्या खाड्यांना स्वतःच्या मूल्यांची गरज अजून आहे. म्हणून शिंपल्याचे वय प्रसिद्ध करताना प्रयोगशाळेचा मूळ आकडा, विभाजनाची दुरुस्ती झाली की नाही, प्राण्याची जात, गृहीत धरलेला सागरी उगम, वापरलेला वक्र आणि डेल्टा आर या सहा गोष्टी नोंदल्या पाहिजेत. त्या असतील तर उद्या वक्र बदलला किंवा नवी मोजणी आली तरी तेच वय पुन्हा काढता येते, आणि त्या नसतील तर मूळ मोजणी वाया जाते. किनाऱ्यावरील उत्खननांनी शिंपल्यासोबत धान्याचा दाणा जपून ठेवला, तर कोकणची मूल्ये हळूहळू भरत जातील. घाटमाथ्यावर आणि देशावर मिळणाऱ्या शंखाच्या तुकड्याबाबत मात्र पहिला प्रश्न वयाचा नसून समुद्राचा असेल: तो कच्छचा, मन्नारचा की कोकणचा, हे ठरल्यावरच त्याचे शतक ठरेल.